लाकडांचं इरलं

"तुझ्या लाकडांना ताप आलाय रे."

काकींनी गडग्यापलीकडून ही बातमी दिली तेव्हा मी दात घासत होतो. गणपती नुकतेच गेलेले, पाऊस जातो जातो म्हणत अजून अंगणातच घुटमळत होता. तोंडात फेस, म्हणून मी नुसत्या भुवया उंचावल्या. काकींना तेवढं पुरतं. समोरच्यानं बोललंच पाहिजे अशी त्यांची कधी अट नसते.

"निळं पांघरूण घातलंयस ना, ते जरा वर करून बघ. हाताला वाफ लागेल."

ताडपत्रीचं टोक उचललं. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लटकत होते, मोदकपात्राचं झाकण उचलल्यावर लटकतात तसे. खाली लाकडांवर पांढरी बुरशी, दोन ओंडक्यांच्या मध्ये कुत्र्याच्या छत्र्या, आणि सगळ्यात खालच्या फाट्यावर एक बेडूक, घरमालकासारखा. वास असा की बंद पडलेल्या धर्मशाळेचं दार उघडलं. वरून एक थेंब आत गेलेला नव्हता. ताडपत्री नवी कोरी होती, दोरीने चारही बाजूंनी आवळलेली होती, आणि बांधताना मला स्वतःचा जरा अभिमानही वाटला होता.

"बघितलंस? मी आषाढापासून बघत्येय," काकी म्हणाल्या.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

आमच्या दोन घरांमध्ये गडगा आहे, जांभ्याच्या दगडांचा, मातीचुन्याशिवाय नुसता रचलेला, कंबरेएवढा. एका जागी वरचे दोन दगड गेली कित्येक वर्षं पडलेले आहेत आणि ते कोणी परत चढवत नाही, कारण तिथूनच कढीपत्ता, आमटीची वाटी आणि गावच्या बातम्या ये-जा करतात. मी चौतीस वर्षं मुंबईत बँकेत घालवून त्याच वर्षीच्या वैशाखात दापोली तालुक्यातल्या या घरी परत आलो. घरात गॅस आहे, काकींकडेही आहे. पण गॅसवर चहा आणि आमटी. आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर, भाताची पेज चुलीवर, घावन तर चुलीवरच. त्यात 14.2 किलोचं सिलिंडर घाटीच्या पाखाडीने डोक्यावरून आणायचं, म्हणजे माणूस आपोआप काटकसरी होतो.

त्या आषाढात आमच्या आगरातला जुना आंबा वाऱ्याने आडवा झाला. उभा आंबा तोडायचा तर परवानगी लागते. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ सगळे बसलेत. पण आमच्या आंब्यानं कागद न मागता स्वतःहून अंग टाकलं. रीतसर वर्दी दिली, माणूस बोलावून ओंडके करून घेतले, आणि मोठ्या हौसेने ताडपत्रीखाली घातले. पुढचं बेडकाला माहीत.

"तू एकटाच नाहीस," काकींनी गडग्यावर कोपर टेकलं. कोपर टेकलं म्हणजे आता दहा मिनिटं तरी झाली. "वरच्या आळीतले भाऊ बघ. अडतीस हजार घातले लाकडाच्या खोलीत. चारी बाजूंनी पत्रा, दाराला कडी, कडीला कुलूप. लाकडं आहेत की दागिने? मागच्या श्रावणात वहिनी लाकूड आणायला गेली तर दार उघडेना, फुगलेलं. आत शिरली तर ठसका. त्यांच्या न्हाणीतून धूर किती येतो बघितलास का सकाळचा? घाटात इंजिन लागल्यासारखा."

"पण कोरडी जागा आहे ना ती?"

"जागा कोरडी. लाकूड ओलं. ओलं लाकूड कोरड्या पेटीत कोंडलंस तर त्यातलं पाणी जाईल कुठे? तुझ्या बँकेत तरी असं चालतं का? पैसे आत येतायत, बाहेर जायला खिडकीच नाही."

मी म्हटलं, बँकेत तसं चाललं असतं तर बरंच झालं असतं. काकींनी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गडग्यापाशी आल्या त्या डोक्यावर इरलं घेऊन. खरंखुरं इरलं, बांबूच्या कामट्यांचं, मधे पानं दाबलेली, उंदरांनी एक बाजू कुरतडलेली. माळ्यावरून काढलेलं, अंगावर कोळिष्टकं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकी त्या इरल्याखाली लावणीला वाकल्यासारख्या वाकल्या आणि खालूनच बोलायला लागल्या.

"हे बघ. पाऊस पडतो कुठे? डोक्यावर नि पाठीवर. तेवढंच झाकायचं. पुढे सगळं उघडं, वारा खेळतोय, हात मोकळे. आम्ही दिवसभर चिखलात असायचो पण अंगात घाम धरत नव्हता. आता पोरी प्लॅस्टिकचे रेनकोट घालून लावणीला जातात आणि तासाभरात आतूनच भिजतात. तुझ्या लाकडांना तू रेनकोट घातलास. भाऊंनी तर त्यांना पेटीत घातलं. लाकडांना इरलं हवं."

हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं म्हणूनही सांगितलं. पण शोध काकींचा. छप्पर हे पावसासाठी, लाकूड वाळवतो तो वारा. आपण छपराच्या नादात वाऱ्याला दार लावून टाकतो.

दिवाळी झाली, आभाळ स्वच्छ झालं. बुरशी धरलेले ओंडके उन्हात काढले आणि फोडून घेतले. अख्खा ओंडका वर्षभर तसाच पडला तरी आतून हिरवा राहतो, कारण साल म्हणजे त्याचा स्वतःचा रेनकोटच. फोडला की पाण्याला बाहेर पडायला तोंड मिळतं. त्यातही टोकांकडून जास्त जातं, म्हणून फाटी लांब ठेवण्यापेक्षा चुलीच्या मापाची, हात-दीड हाताची, करून घ्यायची.

आणि बँकेची सवय जात नाही, म्हणून मी एक उद्योग केला. एक फाटा निवडला, त्यावर पेन्सिलीने नंबर घातला आणि हिच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा लंपास केला. 26 डिसेंबरला फाटा भरला 2,150 ग्रॅम. प्रजासत्ताक दिनाला 1,780. फेब्रुवारीअखेर 1,560. मार्चअखेर 1,430. पुढे आकडा रेंगाळायला लागला. मेच्या दहा तारखेला 1,380 आणि आठवड्याने परत तेवढाच. म्हणजे मुद्दल उरलं होतं. त्या एका फाट्यातून पाऊण लिटरहून जास्त पाणी गेलं. ताज्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं हे वाचून माहीत होतं, पण काट्यावर बघताना तांब्याभर पाणी डोळ्यांसमोर आलं. असं लाकूड चुलीत घातलं तर आधी ते पाणी उकळायचं, मग उरल्यासुरल्या जाळावर आंघोळीचं. चुलीतून येणारा पिवळट धूर म्हणजे जळायला हवा होता तो माल, नुसताच धुराड्यातून गेला.

काकींना वही दाखवली. त्यांनी चष्म्याशिवाय बघितली, म्हणजे बघितलीच नाही, आणि कोपऱ्यातली दोन फाटी उचलून एकमेकांवर आपटली. टण्ण. मग ताज्या तोडलेल्या उंदीरमारीची दोन आपटली. थप्प.

"झालं तुझं वजन," त्या म्हणाल्या.

होळी झाल्यावर लाकडांची खोप बांधायचं ठरलं. जागा निवडताना मी घराच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. एक बाजू आयती, तेवढाच खर्च कमी. काकींनी तिथल्या तिथे तळ्याकडच्या घराची कथा काढली. त्या घरच्यांनी असंच न्हाणीच्या भिंतीला टेकून लाकूड रचलं होतं. वाळवी जमिनीतून लाकडात, लाकडातून भिंतीवर मातीची नळी काढून चौकटीत, आणि एक दिवस दाराची चौकट बोट लावलं तिथे पापडासारखी मोडली. चौकट सागवानाची होती का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "सागवानाची म्हणून विकली होती." आणि विकणाऱ्याचं घराणं तीन पिढ्यांपर्यंत ऐकवलं. ते इथे लिहीत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर. लाकडाच्या ढिगात उंदीर येतात, उंदरामागे साप. आमच्याकडे घोणस आहे, फुरसं तर रत्नागिरी जिल्ह्याचं खास. आणि लाल विंचू. कोकणात एके काळी या विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः पोरं, पटापट जायची. महाड-बिरवाडीकडे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि कितीतरी घरांतलं रडणं थांबलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा काकींनी पेपरातला फोटो कापून ठेवला, कारण त्यांच्या माहेरचं एक पोर त्या औषधाच्या आधीच्या काळातलं. ही एकच गोष्ट त्यांनी गडग्यावरून थोडक्यात सांगितली.

तेव्हा जागा ठरली घरापासून वीस पावलांवर, विहिरीच्या वाटेला, उंचवट्यावर. पाठ पश्चिमेला, कारण आमचा पाऊस तिकडूनच येतो, समुद्राकडून, आणि सरळ येत नाही, तिरका झोडपतो. तोंड पूर्वेला, सकाळच्या उन्हाकडे.

बाजारातल्या फॅब्रिकेटरने पाइप, रंग, पत्रा धरून तीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. मी मान डोलावून घरी आलो आणि गडग्यावर कोपर टेकलं. या वेळी मी टेकलं.

"वासे आहेत माझ्याकडे," काकी म्हणाल्या.

होतेच. गुरं गेली, गोठा राहिला. मग गोठाही गेला, वासे राहिले. ऐन आणि किंजळीचे, चाळीस पावसाळे धूर आणि शेण खाऊन काळे झालेले, ठोकलं तर खिळा वाकावा असे.

"किती द्यायचे?"

"विकत कोण देतंय? भाड्याने देईन. भाडं काय ते मग सांगेन."

मी बँकेतला माणूस. कागदावर काही नसलेल्या व्यवहाराला मी हो म्हटलं, यावरून गावाचं पाणी अंगात किती भिनलंय ते कळेल.

छपरासाठी माझ्या मनात कौलं होती. काकींच्या जुन्या घराची मंगलोरी कौलं पडून होती, सुंदर लाल. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि पुढे हे कौल गलबतांतून सगळ्या किनाऱ्याला पसरलं. खरं तर लाकडाच्या खोपीला कौलाइतकं चांगलं काही नाही, फटींतून वाफ निघून जाते. पण आमच्याकडे वानरं आहेत. एक टोळी फणसावरून उतरली की कौलारू छपरावर लग्नाची वरात निघते. आसपासच्या वाड्यांतल्या निम्म्या घरांवरची कौलं वानरांनी उतरवली, माणसांनी नव्हे. पाहुण्यांनी येऊन "अरेरे, कोकणातली कौलं गेली" असं म्हणायचं, आम्ही हो म्हणायचं. खोपीला पत्राच बरा.

भंगारवाल्याकडे सहा फुटी पन्हळी पत्रे मिळाले, चार नग, चारशेला एक. गंजलेले नव्हते, जुन्या खिळ्यांची भोकं होती. ती डांबरपट्टीने बुजवली. आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून चार लाकडी पॅलेट आणवले, शंभरला एक. यात एक मेख आहे. तिकडे रसायनांचे कारखाने, तेव्हा ज्या पॅलेटवर डाग आहेत, वास आहे, तो दारात घ्यायचा नाही. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर ते लाकूड नुसतं तापवून किडीमुक्त केलेलं असतं. 'एमबी' असेल तर विषारी धुरी दिलेली, तो परत पाठवायचा. मी गोगलगाईच्या चालीने एकेक शिक्का वाचत होतो आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

माप पॅलेटनेच ठरवलं. पॅलेट साधारण चार फूट लांब आणि सव्वातीन फूट रुंद. दोन शेजारी ठेवले की आठ फुटांचा तळ झाला. तिसरा मधे उभा केला, दोन कप्पे झाले. चौथा मोडून त्याच्या फळ्या बाजूंना मारल्या, प्रत्येक दोन फळ्यांत तीन बोटं अंतर सोडून. सुताराला ते अंतर काही केल्या पटेना. "फळ्या कमी पडतायत का? माझ्याकडे आहेत," तो दोनदा म्हणाला. शेवटी काकी गडग्यावरून ओरडल्या, "अरे, ते लाकडांचं घर आहे, त्यांची लाज झाकायची नाहीये." मग त्याने मुकाट्याने मारल्या.

खांब जमिनीत पुरायचे नाहीत. इथली ओल आणि इथली वाळवी दोघी मिळून ऐनालाही सोडत नाहीत. सहा खड्डे, दोन दोन फूट खोल, त्यात खडी-सिमेंट आणि सिमेंटात उभी लोखंडी पट्टी. खांब पट्टीला बोल्टने आवळलेला, जमिनीपासून चार बोटं वर लटकता. तळाचे पॅलेट जांभ्याच्या चिऱ्यांवर, म्हणजे खालूनही वारा, आणि झाडूचा दांडा घालून साप हुसकायला जागा. पुढची उंची सात फूट, मागची साडेपाच. उतार पश्चिमेला, पागोळी मागे पडते. पत्रा मागे फूटभर बाहेर, पुढे जेमतेम आठ-नऊ इंच. मागच्या बाजूला फळ्या नाहीत, झावळ्यांचे विणलेले झाप, पडवीला पावसाळ्यात बांधतात तसेच. झाप झड अडवतात, वारा अडवत नाहीत, आणि आगरात फुकट पडलेले असतात. विणून काकींनी दिले. माझ्याकडून एक झाप विणून घेतला आणि तो कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

खांबांच्या पायांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचं ठरलं. जुनी पद्धत, होड्यांनाही लावतात, कीड जवळ येत नाही. सुतार म्हणाला हातमोजे घाला. मी म्हटलं तेलच आहे. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड, बिब्बा उतल्यासारखे. चार दिवस हात वर धरून हिंडत होतो. गावात बातमी गेली की बँकवाल्यांना अर्धांगाचा झटका आला. वरच्या आळीतले भाऊ नारळ घेऊन बघायला आले, खोप बघितली, खर्च विचारला आणि नारळ परत घेऊन गेले असं काकी म्हणतात. नारळ ठेवला होता. पण काकींच्या आवृत्तीत गंमत जास्त आहे, म्हणून मी ती खोडून काढत नाही.

खर्च सांगतो, कारण भाऊंनी विचारला तसं तुम्हीही विचाराल. पत्रे सोळाशे, पॅलेट चारशे, सिमेंट-खडी सातशे, पट्ट्या-बोल्ट-हुक अकराशे, सुताराचा एक दिवस नऊशे. चार हजार सातशे. खड्डे मी खणले, त्याचे पैसे कंबरेला गेले.

हुकांवर मात्र कंजुषी केली नाही. सुतार म्हणत होता, पत्र्यावर चार चिरे ठेवा, पुरे. काकी एकदम गप्प झाल्या, आणि काकी गप्प झाल्या की माणसाने ऐकावं. मग त्यांनी 3 जून 2020 ची दुपार सांगितली. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा, आमचा तालुका त्याच्या वाटेला लागून. चिरे ठेवलेले पत्रे चिऱ्यांसकट उठले. एक पत्रा समोरच्या माडाला पिळून गुंडाळला गेला, ओल्या पंच्यासारखा. माड, पोफळी, आंबे, सगळं आगर आडवं. "त्या वर्षी लाकूड इतकं होतं की वाटेत चालता येईना," त्या म्हणाल्या, "आणि चुलीत घालायला एक ढलपी कोरडी नव्हती. चार दिवसांनी पाऊस लागला तो लागलाच. लाकडांच्या राशीवर बसून भाऊंच्या घरून शेणी मागून आणल्या मी."

तेव्हा प्रत्येक पत्र्याला हुक, वासा आणि खांब जिथे भेटतात तिथे तारेचा वेढा, आणि खांब खाली पट्टीला. वादळानं न्यायचं तर आख्खी खोप सिमेंटसकट न्यावी.

रचणं ही पुरुषांना येत नसलेली कला आहे असं काकींचं मत. मी फाटी एकावर एक घट्ट बसवत होतो, पुस्तकांसारखी. त्यांनी सगळी उतरवायला लावली. दोन टोकांना आडवी-उभी चौकड घालून मनोरे केले, मधली फाटी सैल, उंदीर जाईल पण त्यामागचं मांजर जाणार नाही एवढ्या फटीने. सालीची बाजू वर. पांगारा आणि सावर चुलीसाठी घेऊच नये, नुसते धुमसतात. आंब्याचं लाकूड लवकर पेटतं, लवकर विझतं, आणि त्याला भुंगा लवकर लागतो. फाट्याखाली पिवळं पीठ दिसायला लागलं की ते आधी जाळायचं. ऐन, किंजळ, बाभूळ टिकाऊ, निखारा धरणारी. ती मागे. चुलीत आधी काय जाणार हे ठरवून उलट क्रमाने रचायचं. लाकूड काढताना आधी काठीने ठोकायचं, मग हात घालायचा. विंचवालाही घरातून निघायला वेळ लागतो.

रोहिणी लागायच्या आत डावा कप्पा भरला. उजवा रिकामा ठेवला, पुढच्या वर्षीच्या ओल्या लाकडासाठी. हे मी काकींना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं की एक कप्पा वापरायचा तोवर दुसरा वाळतो, म्हणजे कायम एक वर्ष पुढे. त्या "हो का" एवढंच म्हणाल्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मृग वेळेवर आला. जूनअखेर तर आभाळ फाटलं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला निम्मा त्या एका आठवड्यात पडतोय असं वाटत होतं. चौथ्या दिवशी इरलं नव्हे, छत्री घेऊन खोपीत गेलो. मागचे झाप निथळत होते. झापापासून वीतभर फाट्यांची टोकं ओलसर. त्यापुढे हात घातला, आधी काठी आपटून, तर लाकूड कोरडं ठणठणीत. तो पेन्सिलीचा नंबरवाला फाटा काढून काट्यावर ठेवला. 1,440. पावसाळी हवेचं साठ ग्रॅम व्याज. ते चालतं. न्हाणीत दोन काड्यांत जाळ झाला, आणि धुराड्यातून जे निघालं ते धूर म्हणावं इतकंही नव्हतं. हिने आतून विचारलं, "चूल पेटवलीत की नाही अजून?"

नागपंचमीच्या आदल्या दिवशी खोपीत गेलो तर उजवा कप्पा भरलेला. खाली सोडणं, त्यावर चुडतांच्या दोन मोळ्या, त्यावर शेणी, गोल, एकावर एक, प्रत्येकीवर काकींची पाच बोटं उमटलेली. आणि शेणींच्या वर, कोपऱ्यात, पेंढ्यात बसलेली एक तांबडी कोंबडी. माझ्याकडे तिने असं बघितलं की मीच दार न वाजवता आत आलो होतो.

"काकी!"

गडग्याच्या पडक्या जागेतून डोकं वर आलं. "भाडं," त्या म्हणाल्या. "मग सांगेन म्हटलं होतं ना?"

"आणि कोंबडी? ती पण भाड्यात?"

"ती माझी नाही. भाऊंची आहे. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत कोंदट होतं तिला, म्हणून आठ दिवस झाले इकडे येते."

मी कोंबडीच्या खाली वाकून बघितलं. सहा अंडी होती.

काकींनी वरच्या आळीच्या पाखाडीकडे एक नजर टाकली, आणि मी ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच आवाज खाली केला.

"तीन तुझी, तीन माझी. भाऊंनी विचारलं तर तू मुंबईला गेला होतास."